दहाव्या पायरीचा नियम

त्या रविवारी सकाळी मामाच्या वर्कशॉपमध्ये खुर्च्या चोवीस होत्या आणि माणसं अकरा. मफलर मात्र सतरा होते, कारण जे येऊ शकले नाहीत त्यांनी आपले मफलर कुणाकुणाबरोबर पाठवून दिले होते आणि ते रिकाम्या खुर्च्यांच्या पाठींवर टाकलेले होते. शिवाय एक मोठी किटली, कपांचे दोन खोके, भिंतीला टेपने लावलेले नऊ फोटो आणि मधल्या टेबलावर, खाली जुना टॉवेल अंथरून ठेवलेला एक भोंगा. भोंग्याचं नाव आत्या.

कप पुरतील का ते बघ, एवढंच मामाने मला सांगितलं होतं. बाकीचं मी सवयीने मोजलं.

ही सगळी फोरमची माणसं. आमच्या शहराच्या फुटबॉल संघाच्या चाहत्यांचा हा फोरम, मामा आणि त्याच्या मित्रांनी वीस वर्षांपूर्वी सुरू केलेला. एकमेकांना ती फोरमवरच्याच नावांनी हाक मारतात. खरी नावं काहींना माहीत नाहीत, काहींना माहीत असून तोंडात येत नाहीत. मामा वेल्डर, म्हणून तो ठिणगी. औषधाच्या दुकानातले एक काका नेहमी नको त्या वेळी बोलतात, म्हणून ते ऑफसाइड. एक शाळेतल्या बाई आहेत, त्या शिव्या असलेले संदेश काढून टाकतात, म्हणून त्या पंच. मी फोरमवर नाही, तरी मला त्यांनी नाव देऊन टाकलं होतं. कानांची पदवी घेऊन एका दवाखान्यात लोकांची श्रवणतपासणी करते, म्हणून मी कानवाली.

"मोडेम लावला की घरातला फोन बंद," ऑफसाइड सांगत होते. "सासऱ्यांना वाटायचं, जावई मुद्दाम फोन अडवतो. मुद्दामच अडवायचो, ते सोडा."

"तू पहिल्यांदा काय लिहिलं होतंस, आठवतंय?" पंच म्हणाल्या. "'कोनी आहे का?' कोनी! चार दिवस कोणीच नव्हतं. मग मी लिहिलं, आहे, पण आधी णचं काहीतरी करा."

"आणि त्या दिवसापासून मी 'पण' सुद्धा घाबरत लिहितो."

सगळे हसले. मामाही हसला, पण त्याचं लक्ष दाराकडे होतं.

"मीटर येतो म्हणालाय," तो म्हणाला.

"येतोय कसला!" ऑफसाइड म्हणाले. "फोरमवर बघ, तोंडाचा पट्टा चालू. काल रात्री माझ्या गोलकीपरबद्दलच्या मतावर चार ओळी लिहिल्यान, मला झोप नाही आली. आणि भेटायचं म्हटलं की साहेबांना काम असतं. भाव खातो, दुसरं काही नाही."

मीटर वीजमंडळात मीटर वाचायचे. घरोघर जायचं, जिन्याखाली वाकायचं, आकडा टिपायचा. म्हणून आवाज मोजायचं यंत्रही फोरमने त्यांच्याच हातात दिलं होतं. हे मला ऑफसाइडकाकांनी सांगितलं. मी विचारलं म्हणून नव्हे, ते सांगणारच होते.

त्या वेळी फोरमवर एक पद्धत होती. घरच्या मैदानावरचा सामना संपला की जिंकलो-हरलो याच्या आधी एक आकडा लिहायचा: गोलपोस्टमागच्या आपल्या पायऱ्यांवरून आवाज किती डेसिबलपर्यंत गेला. शेजारच्या शहराच्या संघाचा असाच फोरम होता, त्यांचाही आकडा यायचा, आणि दोन्ही फोरमांनी मिळून एक नियम ठरवला होता. यंत्र आवाज करणाऱ्यांपासून दहाव्या पायरीवर, छातीच्या उंचीवर धरायचं. दहाव्या पायरीच्या आतला आकडा बाद.

"त्यांचा आला एकशे अठरा," ऑफसाइड म्हणाले. "आपल्या घशातून एकशे आठच्या वर काही निघेना. मग या तुझ्या मामाने आत्याला जन्म दिला."

आत्या म्हणजे मोडीत निघालेल्या मालट्रकचा हवेचा भोंगा. त्याला मामाने आग विझवायच्या नळकांड्याची रिकामी टाकी जोडली होती. वर्कशॉपच्या कॉम्प्रेसरने टाकी भरायची, मैदानावर न्यायची, खटका दाबायचा. मामाच्या सख्ख्या आत्याचा आवाज तीन गल्ल्या पलीकडे जायचा, त्यावरून नाव. ती आत्या भोंग्याच्या बारशाला स्वतः आली होती आणि म्हणाली होती, माझ्यापेक्षा बारीक आहे.

"तरी दहाव्या पायरीवर एकशे चौदाच!" ऑफसाइड उठून उभे राहिले. "मग ठिणगी म्हणतो, मीटर, जरा जवळ ये की. कोण बघतंय? तो आला सहाव्या पायरीवर. एकशे सतरा. अजून जवळ! शेवटच्या मोसमात तर हा गडी भोंग्याच्या तोंडाशी उभा, यंत्र असं पुढे धरून. आणि आकडा किती? एकशे एकोणतीस! फोरमवर टाकला आणि शेजारच्यांची वाचाच बसली. दोन दिवस एक शब्द नाही त्यांचा."

"नाचलो होतो आपण," पंच म्हणाल्या. "आणि दहाव्या पायरीचं मी कुणाला विचारलं नाही. पंच असून."

मी कप पुसत होते. एकशे एकोणतीस म्हटल्यावर हात थांबला. शंभर डेसिबलला आमच्याकडे सुरक्षित वेळ पंधरा मिनिटं धरतात. दर तीन डेसिबलला ती निम्मी होते. मनातल्या मनात निम्मं करत गेले. एकशे एकोणतीसला जेमतेम एक सेकंद उरतो.

"एकदा भरलेली टाकी किती वेळ वाजायची?" मी विचारलं.

"दहा-अकरा सेकंद," मामा म्हणाला. त्याने माझ्याकडे पाहिलं नाही.

तेवढ्यात मीटर आले. उंच, खांदे किंचित पुढे झुकलेले, इस्त्रीचा शर्ट. आरडाओरडा झाला, मिठ्या झाल्या. ते सगळ्यांकडे बघून हसले आणि टेबलाच्या टोकाची, भिंतीला लागून असलेली खुर्ची त्यांनी घेतली. उजवी बाजू भिंतीकडे, डावी आमच्याकडे. मध्ये दोन चांगल्या खुर्च्या रिकाम्या होत्या.

पुढचा तासभर मी चहा देता देता त्यांच्याकडे बघत होते. ते बोलणाऱ्याच्या तोंडाकडे बघायचे. दोघं एकदम बोलायला लागले की कपात बघायचे. विनोद झाला की सगळ्यांबरोबर हसायचे, पण किंचित उशिरा. आधी बाकीच्यांचे चेहरे बघून मग. ऑफसाइडकाका त्यांच्या मागून, उजव्या खांद्यावरून वाकून काहीतरी म्हणाले. मीटरनी मानही वळवली नाही.

"बघितलंस?" ऑफसाइड मला म्हणाले. "मौन धरलंय साहेबांनी."

मग कुणीतरी म्हणालं, आत्याला एकदा वाजवा, फोरमला वीस वर्षं झाली, म्हातारीची इच्छा पूर्ण करा. टाळ्या सुरू झाल्या. मीटर कुणालाही न सांगता उठले आणि मागच्या दाराने अंगणात गेले.

"नाही वाजायची," मामा म्हणाला. "वॉशर गेलाय तिचा."

"मग इथे कशाला मांडलीस? दर्शनाला?"

"वॉशर गेलाय म्हटलं ना!"

मामा असं ओरडत नाही. पंचांनी जुन्या फोटोंचा विषय काढला. वॉशर गेलेला नव्हता. गुरुवारीच मामाने तो बदलला होता. स्पॅनर मी धरला होता.

सगळे गेल्यावर मामा मोरीपाशी कप विसळायला बसला. एरवी हे काम तो मामीवर टाकतो.

"कानवाले," तो म्हणाला. "तुला कळलं ना?"

"त्यांचा उजवा कान?"

"सहा वर्षांपूर्वी कळलं मला. बाजारात तो पुढे, मी मागे. हाका मारल्या. चांगल्या चार-पाच. लोक बघायला लागले, हा सरळ पुढे. मला वाटलं रागावलाय. मग डाव्या बाजूने गेलो तर लगेच, अरे ठिणग्या, तू कुठे इकडे! घरी आलो आणि जेवताना एकदम लक्षात आलं, तो भोंग्याच्या कोणत्या बाजूला उभा राहायचा ते."

नळ चालू होता. तो बंद करायचं त्याला सुचत नव्हतं, मी केला.

"जवळ ये मीच म्हटलं होतं. ऑफसाइड सांगतो ना हसत हसत, ते खरं आहे. शब्द न् शब्द. दर वर्षी सांगतो आणि दर वर्षी मी हसतो. तो भाव खातो म्हणतात, तेव्हा मी गप्प बसतो. सांगू शकतो ना, की अरे, त्याला ऐकू येत नाही? पण मग पुढचा प्रश्न येणार, कशाने." त्याने कप उपडा ठेवला. "तुला तपासून सांगता येईल का? कशाने गेलाय ते?"

"बऱ्यापैकी."

मी त्याला पाटीवर खडूने काढून दाखवलं. मामा लोखंडावर खुणा करायला ठेवतो ती पाटी. आवाज दोन वाटांनी आत जातो. एक हवेतून, कानाच्या भोकातून, पडदा आणि मागची तीन बारीक हाडं हलवत. दुसरी वाट थेट कवटीच्या हाडातून आतल्या कानाला. दोन्ही वेगवेगळ्या मोजता येतात. आकडा जितका मोठा तितकं ऐकू कमी आणि आलेखात खूण तितकी खाली; वीसच्या आत असेल तर कान चांगला.

"हवेतून कमी आणि हाडातून चांगलं आलं, तर आतला कान शाबूत आहे, बिघाड मधल्या हाडांत आहे. तो भोंग्याने होत नाही. पुष्कळदा घराण्यात असतो. ऑपरेशनने सुधारू शकतो."

"आणि भोंग्याने असेल तर?"

"दोन्ही वाटांचे आकडे सारखेच मोठे. आणि चार हजार हर्ट्झच्या बारीक सुराला आलेखात खड्डा, आठ हजारला परत थोडं वर. मोठ्या आवाजाची खूण अशीच असते. त्यावर ऑपरेशन नाही."

मामा पाटीवरच्या खड्ड्याकडे बघत राहिला. "त्याच्या आईला लवकरच कमी ऐकू यायला लागलं होतं," तो म्हणाला. "चाळिशीतच. मोठ्याने बोलावं लागायचं."

"मग तेही असू शकतं."

"किती टक्के?"

"टक्के मला माहीत नाहीत, मामा. तपासल्याशिवाय नाही सांगता येत."

"तपास मग. तो माझं ऐकणार नाही." आणि आपण काय बोललो ते कळून त्याने तोंड फिरवलं.

फोरमवर मी त्या संध्याकाळी नाव नोंदवलं. कानवाली, उपलब्ध होतं. मीटरना खासगी संदेश पाठवला: भेटून बरं वाटलं, एक विचारू का, रागावणार असाल तर आधी सांगा.

दोन मिनिटांत उत्तर. "उजवा. डावा अजून कामावर आहे. हेच विचारायचं होतं ना?"

लिहिताना ते वेगळाच माणूस होते. मी विचारलं, कधी तपासलं आहे का. नाही. का नाही? याला मात्र बराच वेळ लागला.

"तुझा मामा दर आठवड्याला मला तब्येत विचारतो. हा माणूस माझ्या लग्नात माझ्याशी फक्त पेनल्टीबद्दल बोलला होता. तो तब्येत विचारतो म्हणजे त्याच्या मनात ते आलेलं आहे. आत्ता नुसती शंका आहे, शंकेत माणूस जगतो. तपासलं की आकडा येणार. आणि आकडा आला की तो दोष स्वतःचाच मानणार, मी ओळखतो त्याला. माझी आई कमी ऐकायची, मी तेवढ्यावर भागवतो. फोरमवर मला सगळं ऐकू येतं."

तरुणपणापासून ते त्या फोरमवर दिवसातून पाच-सहा वेळा येत होते. मला तोवर वाटत होतं, आवड. शेवटचं वाक्य मी दोनदा वाचलं.

मग मी मामाला सांगितलं तेच लिहिलं: आईसारखं असेल तर ऑपरेशन होऊ शकतं. "तुम्ही मामाला सांभाळायला बसलात आणि बरा होणारा कान घालवताय, असं असू शकतं."

"म्हणजे ठिणगी सुटेल आणि कानही मिळेल?"

"असू शकतं."

"आणि दुसरं निघालं तर?"

"तर यंत्र लावायचं आणि डावा जपायचा. तेही आत्ताच केलेलं बरं."

"ठीक. पण दुसरं निघालं तर ठिणगीला सांगायचं, घराण्यातलं आहे. आईवर ढकल, ती काही म्हणणार नाही. कबूल?"

मी लिहिलं, "शनिवारी अकराला या. त्याआधी दिवसभर मोठ्या आवाजात जाऊ नका."

कबूल हा शब्द मी लिहिला नाही. त्यांनी अंगठ्याचं चित्र पाठवलं. त्यांना तो होकार वाटला आणि मी वाटू दिला. कारण नाही म्हटलं असतं तर ते आले नसते.

दुसऱ्या दिवशी मामाचा फोन आला, मी त्याला शनिवारची वेळ सांगून टाकली. हेही चूकच. निकाल पेशंटचा असतो, पेशंटच्या मित्राचा नाही. हा प्रश्न मला परीक्षेत आला होता आणि मी बरोबर उत्तर दिलं होतं. पण मामाने विचारलं तेव्हा त्याचा आवाज इतका बारीक होता की माझ्या तोंडून वार, वेळ, मजला, सगळं निघून गेलं. दोघांनाही मी अर्धं अर्धं सांगितलं होतं आणि आठवडाभर त्या दोन अर्ध्यांची बेरीज करत होते. दर वेळी ती एकच येत होती: एक अख्खं खोटं.

शनिवारी मामा अर्धा तास आधी येऊन बसला होता. नखांतली काजळी घासून काढलेली, शर्टाची वरची गुंडीही लावलेली. दवाखान्याच्या बाकावर तो मुलाखतीला आल्यासारखा दिसत होता. मीटर जिना चढून आले, त्याला बघून थबकले आणि मग माझ्याकडे बघितलं. ते बसले, तसा मामा उठला आणि त्यांच्या दुसऱ्या बाजूला जाऊन बसला. डावीकडे.

"म्हणजे ठाऊक आहे तुला," मीटर म्हणाले.

"सहा वर्षं."

"मला अकरा. आघाडी माझी."

मामा हसला नाही. "दहावी पायरी ठरली होती," तो म्हणाला. "मी म्हटलं, जवळ ये."

"म्हणालास."

"मग म्हटलं, अजून ये. मग म्हटलं, तोंडाशी धर."

"सगळं ऐकू आलं होतं मला. तेव्हा येत होतं." ते स्वतःच हसले, मग थांबले. "ठिणग्या, यंत्र माझ्या हातात होतं. तू खटका दाबायचास, तुझं लक्ष गोलकडे. आकडा वाचणारा मी. दिवसभर लोकांच्या जिन्याखाली वाकून आकडे वाचायचो आणि सांगायचो, बघा हं, जास्त जळतंय, काहीतरी बिघाड आहे. आणि हा आकडा वाचून नाचलो. संध्याकाळभर कान गुणगुणत होता, तर मी फोरमवर लिहिलं, आत्या अजून कानात गातेय. अठ्ठावीस जणांनी टाळ्या दिल्या."

"त्यातला पहिला मी."

"हो, तूच."

"म्हणून माझ्या मनातून जात नाही."

"घालव कोण म्हणतंय? मी वाटून घेऊ म्हणतोय. सगळं एकट्यानेच घेऊन बसलायस, हावरटासारखा."

बाकावर आणखी दोन पेशंट होते. ते आपापल्या चपलांकडे बघत होते. मी मामाला आणि मीटरना आत घेतलं आणि दार लावलं.

"तू कबूल केलं होतंस," मीटर मला म्हणाले. आवाज चढला नव्हता, त्यामुळे जास्त लागलं.

"नव्हतं केलं. तुम्हाला तसं वाटलं आणि मी वाटू दिलं. मामाला वेळही मीच सांगितली. दोन्ही माझंच चुकलं." मी त्यांच्या डाव्या बाजूला उभी राहून, तोंड दिसेल असं बोलत होते. "निकाल तुमचा आहे, काका. तुम्ही म्हणालात तर मामा खाली जाऊन थांबेल. मी त्याला काही सांगणार नाही. पण खोटं सांग म्हणालात तर ते मला नाही जमणार."

"काय खोटं?" मामाने विचारलं.

मामाने एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा मीटरकडे, आणि त्याला कळलं. तो खुर्चीच्या कडेवर बसला.

"माझ्यासाठी तपासत नव्हतास?" तो म्हणाला. "एवढी वर्षं?"

"तुझ्यासाठी कसलं! आळस. दवाखान्याचा जिना बघ केवढा आहे."

"मी खाली थांबतो," मामा म्हणाला, पण उठला नाही.

मीटरनी केबिनच्या काचेतून आतली छोटी खोली बघितली: भिंतींना लावलेले फेसाचे चौकोन, एक स्टूल, खुंटीवर हेडफोन. "माझ्या घरचं मीटर कोणी वाचायला आलं तर मी त्याला बाहेर उभं करत नाही," ते म्हणाले. "बसू दे त्याला. पण गप्प बसायचं."

"गप्प बसतो."

"आयुष्यात पहिल्यांदा."

मी दोन्ही कानांत प्रकाश टाकून बघितलं. पडदे नीट होते. मग त्यांना आत बसवलं, हातात बटण दिलं. आवाज कितीही बारीक असू दे, आला असं वाटलं तरी दाबा. त्यांनी मान हलवली. जाड दार लावल्यावर काचेपलीकडे ते लहान दिसायला लागले.

मामा माझ्या शेजारी संगणकाच्या पडद्यासमोर बसला. पाटीवर काढलेलं त्याला पाठ होतं, त्यामुळे मला काही समजावून सांगावं लागलं नाही. मी डाव्या कानापासून सुरुवात केली. त्याच्या खुणा वरच्या वर, जवळजवळ सरळ गेल्या, शेवटी थोड्या घसरल्या. वयाचं तेवढं धरतातच. मामाने श्वास सोडला.

उजव्या कानाला पहिले दोन सूर त्यांनी लगेच पकडले. एक हजारला थोडं वाढवावं लागलं. दोन हजारला बरंच. तीन हजारला मी वाढवत गेले आणि काचेपलीकडे ते डोळे मिटून, बटणावर अंगठा ठेवून वाट बघत होते. ऐकायला येतच नव्हतं, तरी मान एका बाजूला झुकवून ऐकायचा प्रयत्न करत होते. मामाने पडद्यावरून नजर काढून त्यांच्याकडे बघितलं आणि परत पडद्याकडे. चार हजारला सगळ्यांत खाली. आठ हजारला खूण वर आली.

"खड्डा," मामा म्हणाला.

"बोलू नको."

"पण अजून हाडाचं आहे ना? ते बाकी आहे ना?"

"आहे."

मी आत गेले. हेडफोन काढून कानामागच्या हाडावर छोटा कंपक बसवला. हाडातून आवाज दोन्ही कानांकडे जातो. चांगला कान मध्ये पडून आपणच उत्तर देऊ नये म्हणून त्याच्यात खळखळाट सोडावा लागतो. हे मी मीटरना सांगितलं.

"म्हणजे डाव्याला गर्दीत बसवायचं आणि उजव्याला एकट्याला विचारायचं," ते म्हणाले. "बरोबर. नाहीतर उजव्याच्या नावावर डावाच बोलायचा." त्यांनी काचेतून मामाकडे बघितलं. "कसा आहे तो?"

"गप्प आहे."

"अरेरे."

मी बाहेर आले, दार लावलं. पाचशेला सुरुवात केली, एक हजार, दोन हजार. मामाचे दोन्ही हात गुडघ्यांवर होते आणि तो तोंडातल्या तोंडात आकडे म्हणत होता. प्रत्येक वेळी मी आवाज पाच-पाचने वाढवत होते आणि प्रत्येक पाचाला तो काचेपलीकडच्या अंगठ्याकडे बघत होता. चार हजार मी पहिल्यांदा केलं. मग यंत्राची वायर तपासून दुसऱ्यांदा केलं. मग कंपक पुन्हा बसवून तिसऱ्यांदा. मला तेच उत्तर परत परत मिळत होतं, आणि तिसऱ्या वेळी का करतेय ते मला माहीत होतं.

मग केबिनचं दार उघडलं. मीटर बाहेर आले, मामा उठून उभा राहिला. पडदा दोघांनाही दिसेल असा मी वळवला, मीटरच्या डाव्या बाजूला उभी राहिले आणि वाचून दाखवलं.

उजवा कान, चार हजार हर्ट्झ: हवेतून पासष्ट, हाडातूनही पासष्ट, दोन्ही वाटा सारख्याच. आठ हजार: पंचेचाळीस. डावा कान, चार हजार: तीस.